आकाशातील कॅमेरा आणि चांद्याचे अरण्य : एका पुराव्याचा इतिहास

सनद, बखर, बंदोबस्ताचा अहवाल, न्यायालयातील जबानी ही साधने इतिहासाच्या अभ्यासकास परिचित असतात. ती कोणी निर्माण केली, कोणत्या हेतूने केली, त्यांत काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, हे विचारण्याची सवयही त्यास लागलेली असते. विमानातून घेतलेले छायाचित्र समोर आले म्हणजे मात्र ही सवय बहुधा सुटते. कागद लिहिणारा मनुष्य खोटे लिहू शकतो. कॅमेऱ्याला हेतू नसतो, तेव्हा त्याने दाखविले ते खरेच असले पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते हे तपासावे, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली हा वनप्रदेश निवडला आहे. आकाशातून दिसणारे अरण्य आणि जमिनीवर जगले जाणारे अरण्य ह्यांतील अंतर येथे केवळ विद्वत्तेचा विषय राहिलेला नाही. एखाद्या कुटुंबाची दोन एकर जमीन त्याची ठरावी की वनखात्याची, हा निर्णय काही वेळा ह्याच अंतरावर अवलंबून असतो.

आज गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर व चंद्रपूरचे ११,४४३ चौरस किलोमीटर आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभाजन होईपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता आणि जुन्या कागदपत्रांत तो चांदा ह्या नावाने येतो. पुढील विवेचनात जुन्या काळासंबंधी लिहिताना चांदा हाच शब्द वापरला आहे.

१. जमिनीवरून झालेली मोजणी

चांद्याच्या सीमेजवळ, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, विल्यम लॅम्बटन ह्याची कबर आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा प्रवर्तक हैदराबादेहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी तेथे मृत्यू पावला. त्याच्याजवळील मोठा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता आणि तो माणसांच्या बळावर रानावनांतून वाहून न्यावा लागे. कोन मोजण्यासाठी उंच जागा हवी. उंच जागा नसेल तर मनोरा उभारावयाचा, झाडी आड येत असेल तर ती तोडावयाची, अशी ती पद्धती होती. दृष्टी उंचावर नेल्याखेरीज प्रदेश आकळत नाही, हे तत्त्व त्या काळीही स्पष्ट होते. फरक इतकाच की, ती उंची पायी चढून गाठावी लागे आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक गावाशी काही ना काही संबंध येई.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले व त्याबरोबर चांदा ब्रिटिश अमलाखाली आला. मेजर ल्युसी स्मिथ ह्याने चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तावर १८६९ मध्ये जो अहवाल सिद्ध केला, तो अजूनही ह्या प्रदेशाच्या अभ्यासाचे एक मूलभूत साधन मानला जातो. सिरोंच्याचा भाग तेव्हा ह्या जिल्ह्यात नव्हता. तो अप्पर गोदावरी जिल्ह्यात होता आणि १८७४ मध्ये चांद्यास जोडला गेला. बंदोबस्ताच्या कामात मोजणीची साखळी जितकी महत्त्वाची, तितकीच विचारपूसही महत्त्वाची असे. ही बोडी कोणी बांधली, ह्या रानातून लाकूड व गवत कोण नेतो, मोहाची झाडे कोणाकडे चालत आली, हे प्रश्न गावातील लोकांना विचारावे लागत आणि उत्तरे वाजिब-उल-अर्जासारख्या कागदांत नोंदली जात. अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्यांत ही नोंद विरळ राहिली. खालसा गावांची मोजणी जितक्या बारकाईने होई, तितकी डोंगराळ जमीनदारी मुलखाची होणे अवघडच होते. १९५१ मध्ये मालगुजारी व जमीनदारी हक्क नष्ट झाले, तेव्हा ह्या मुलखातील वने शासनाकडे आली; परंतु त्या वनांतील माणसांच्या वहिवाटी कागदावर पुरेशा नव्हत्या. पुढील वादाचे मूळ ह्या विरळ नोंदीत आहे, हे येथेच लक्षात ठेवणे बरे.

जमिनीवरील मोजणी निर्दोष होती असे नव्हे. ती महसुलासाठी होती, सत्तेने केलेली होती आणि तिच्यातून अनेकजण वगळले गेले. तथापि तिच्या पद्धतीतच एक गोष्ट अंतर्भूत होती. मोजणाऱ्याला गावात जावे लागे आणि गावकऱ्याला बोलावे लागे.

२. कॅमेरा आकाशात जातो

नादार ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पॅरिसजवळ बलूनमधून छायाचित्र घेतले. ते आज उपलब्ध नाही. आकाशातून घेतलेल्या ज्ञात व उपलब्ध छायाचित्रांत अमेरिकेतील बोस्टन शहराचे १८६० मधील चित्र सर्वांत जुने समजले जाते. परंतु ह्या प्रयोगांना शास्त्राचे रूप आले ते पहिल्या महायुद्धात. आरंभी निरीक्षक विमानाच्या कडेवरून वाकून हातातील कॅमेऱ्याने काचेच्या पट्टीवर चित्र घेई. पुढे कॅमेरा विमानाच्या अंगाला बांधण्यात आला, आणि अखेरीस तो तळाकडे, सरळ खाली रोखून, पक्का बसविण्यात आला. हा बदल दिसावयास लहान असला तरी त्याचा अर्थ मोठा आहे. हातातील कॅमेरा एखादे दृश्य निवडतो. सरळ खाली रोखलेला कॅमेरा काही निवडत नाही, ठरावीक अंतराने जे येईल ते टिपतो. तेव्हापासून चित्राला नकाशाची योग्यता आली.

युद्ध संपल्यावर ह्या विद्येला शांततेच्या काळातील काम शोधणे प्राप्त होते. ते आपल्या भागात प्रथम अरण्यांनी दिले, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानच्या राज्यकारभारात समाविष्ट होता. तेथील इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील वनांचे १९२४ च्या सुमारास विमानातून छायाचित्रण झाले. हे काम रोनाल्ड केम्प ह्याच्या एअर सर्व्हे कंपनीने केले. दलदल, खाड्या आणि दाट झाडी ह्यांमुळे जेथे साखळी टाकणे दुष्कर होते, तेथे विमान थोड्या दिवसांत फिरून आले. वनाधिकाऱ्यांच्या ध्यानी आले की, छायाचित्रातील पोत व छटा ह्यांवरून झाडांचे प्रकार काही अंशी ओळखता येतात आणि लाकडाचा अंदाज बांधता येतो. आकाशातील कॅमेरा वनाकडे वळला तो असा: लाकडाचा साठा किती, हा त्याचा पहिला प्रश्न होता. त्या वनात राहते कोण, हा प्रश्न त्याला विचारण्यातच आला नव्हता.

३. कॅमेरा घेऊन विमानात बसण्याचा कायदा

विमान आणि कॅमेरा एकत्र येण्यातील सामर्थ्य राज्यकर्त्यांनी फार लवकर ओळखले. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे हवाई वाहतुकीसंबंधी पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या २७ व्या कलमाने प्रत्येक राष्ट्राला छायाचित्रणाची उपकरणे विमानातून नेण्यावर अथवा वापरण्यावर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार दिला. येथे ‘नेणे’ हा शब्द ध्यानात घ्यावा. कॅमेरा पेटीत बंद असला तरीही तो संशयास पात्र होता. ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराच्या ३६ व्या कलमात हा अधिकार कायम राहिला. परंतु तेथे भर आपल्या प्रदेशावरून जाणाऱ्या विमानातील उपकरणांच्या ‘वापरा’वर आहे. पंचवीस वर्षांत कॅमेरा ही प्रवाशाच्या सामानातील सामान्य वस्तू झाली होती, हे ह्या शब्दभेदावरून अनुमानता येते.

भारतात १९३४ च्या विमान कायद्याखाली १९३७ मध्ये नियम करण्यात आले. त्यांतील १३ व्या नियमाने शासकीय विमानतळावर अथवा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून छायाचित्र घेण्यास मनाई केली. स्वातंत्र्यानंतरही हा नियम चालू राहिला. खिडकीतून दिसणारा गोदावरीचा पट्टा टिपून घेण्याची इच्छा झालेला प्रवासीसुद्धा तत्त्वतः नियमभंग करीत होता. सामान्य प्रवाशास नियमित विमानसेवेत साधे छायाचित्र घेण्याची मोकळीक ९ डिसेंबर २००४ च्या परिपत्रकाने दिली. सप्टेंबर २०२० मध्ये विमानातील छायाचित्रणावरून वाद उद्भवला, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ह्याच परिपत्रकाचा आधार घेऊन ही मोकळीक पुन्हा स्पष्ट केली. १९३४ चा मूळ कायदा आता राहिलेला नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे.

प्रवाशाच्या कॅमेऱ्याची ही कथा किरकोळ वाटेल. परंतु तिच्या पाठीमागील तत्त्व किरकोळ नाही. वरून पाहणे हा राज्यसत्तेचा अधिकार, इतरांनी तो अनुज्ञेने वापरावयाचा, असे ते तत्त्व आहे. सर्वेक्षणासाठी होणाऱ्या हवाई छायाचित्रणालाही तेच लागू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात असे छायाचित्रण करणाऱ्या संस्था दीर्घकाळ तीनच होत्या: भारतीय वायुदल, कलकत्त्याजवळील डमडम येथील एअर सर्व्हे कंपनी आणि १९७४ पासून हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था. त्यांच्या कामाचे संयोजन भारतीय सर्वेक्षण विभाग करी आणि छायाचित्रे संरक्षण खात्याच्या वर्गीकरणाखाली येत. ह्या छायाचित्रांच्या आधारे १:५०,००० प्रमाणाची स्थलवर्णन पत्रके तयार होत गेली. चंद्रपूर शहर ज्या पत्रकमालेत पडते ती ५६ एम, भामरागड ज्या मालेत पडते ती ६५ ए. पत्रक अभ्यासकास मिळण्याची शक्यता होती. ज्या छायाचित्रांवरून ते काढले ती मिळणे मात्र दुर्घट. इतिहासाच्या परिभाषेत बोलावयाचे तर गोषवारा हाती येई आणि मूळ दफ्तर बंद राही.

१९ मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराची पत्रके संरक्षणाच्या पत्रकांपासून वेगळी केली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्तींना व संस्थांना भूस्थानिक माहिती गोळा करण्याची व वापरण्याची बरीच मुभा दिली. ह्या दोन तारखांच्या अलीकडे आणि पलीकडे अभ्यास करणाऱ्यांच्या साधनांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

४. छायाचित्र काय सांगते

छायाचित्राची साक्ष तोलावयाची तर त्याचे गणित समजून घेणे अवश्य आहे. छायाचित्राचे प्रमाण हे भिंगाचे नाभीय अंतर भागिले विमानाची जमिनीपासूनची उंची इतके असते. १५ सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेऊन विमान ३,००० मीटर उंचीवरून गेले, तर प्रमाण १:२०,००० येते. अशा कॅमेऱ्याच्या चित्राची बाजू सर्वसाधारणपणे २३ सेंटिमीटर असते. म्हणजे एका चित्रात ४.६ किलोमीटर लांब व तितकाच रुंद प्रदेश मावतो. परंतु लागोपाठची चित्रे एकमेकांवर सुमारे ६० टक्के, आणि शेजारच्या रांगेतील चित्रे सुमारे ३० टक्के चढलेली असावी लागतात. त्यामुळे प्रत्येक चित्राने नव्याने व्यापलेले क्षेत्र ६ चौरस किलोमीटरांहून थोडे कमीच भरते. ह्या हिशेबाने जुना चांदा जिल्हा एकदा टिपावयास सुमारे ४,४०० चित्रे लागतील.

चित्रे एकमेकांवर चढविण्याचे कारण असे की, एकच जागा दोन ठिकाणांहून टिपलेली असली म्हणजे स्टिरिओस्कोपखाली ती उंचीसह दिसते. नाल्याचा काठ, बोडीची पाळ, सागाचा उंच शेंडा आणि शेजारचे खुरटे रान ही सपाट चित्रात सारखीच करडी वाटतात. जोडचित्रात ती वेगळी होतात. हे वाचन शिकावे लागते. त्याच्या शिक्षणासाठी १९६६ मध्ये नेदरलँड्सच्या सहकार्याने डेहराडून येथे स्वतंत्र संस्था निघाली. छायाचित्राला वाचक लागतो ही साधी गोष्ट ह्यावरून सिद्ध होते. आणि वाचक आला की मतभेदही आलाच.

आता हे ज्ञान चांद्याच्या रानास लावून पाहू. येथील वन पानगळीचे आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू ही येथील मुख्य झाडे. माघ-फाल्गुनापासून साग निष्पर्ण होऊ लागतो आणि उन्हाळ्यात वनाचा मोठा भाग उघडा पडतो. त्या दिवसांत घेतलेल्या चित्रात चांगले सागवनही विरळ भासते. पावसाळ्यात ढगांमुळे छायाचित्रण बहुतांशी अशक्य. म्हणजे उरतात ते पावसाळा सरल्यानंतरचे काही महिने. परंतु येथील मुख्य पीक धान; ते पावसावर येते आणि दिवाळीच्या आगेमागे कापणीस लागते. शेत हिरवे असते तेव्हा आकाश झाकलेले, आणि आकाश मोकळे होते तेव्हा शेत कापलेले अथवा कापणीस आलेले. कापलेल्या बांधीत व पडीक जमिनीत फरक करावयास अनुभवी डोळा लागतो. माडिया लोकांची फिरती शेती तर ह्याहून कठीण. ज्या वर्षी चित्र घेतले त्या वर्षी विसाव्यास टाकलेला तुकडा चित्रात रान म्हणूनच उमटणार. त्याच्यावरील पिढ्यांचा हक्क त्या करड्या छटेत दिसत नाही.

मोहाचे झाड हेही उदाहरण घ्यावे. ह्या प्रदेशातील शेतकरी बांधावरील व शेतातील मोह तोडत नाही. फुलांचे उत्पन्न वाया घालविणे त्यास परवडत नाही. समजा, एका मोहाच्या शेंड्याचा व्यास १२ मीटर आहे. त्याची सावली सुमारे ११३ चौरस मीटर जागा व्यापते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर वा अधिक जमिनीवर वृक्षांचे छत्र १० टक्के असले म्हणजे ती जमीन वनाच्छादनात मोडते, मग तिची मालकी वा वापर काहीही असो. एका हेक्टरचे १० टक्के म्हणजे १,००० चौरस मीटर. तेव्हा नऊ मोहांची झाडे राखलेले एक हेक्टर शेत ह्या व्याख्येत बसण्यास पुरेसे आहे. व्याख्या चुकीची आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. वृक्षाच्छादन मोजण्यासाठी ती केली आहे आणि त्या कामास ती योग्य आहे. परंतु वृक्षाच्छादन मोजणारी आकृती जमिनीचा हक्क ठरविण्यास वापरली, तर नऊ मोह राखणाऱ्यास त्या राखण्याचीच शिक्षा होईल.

५. उपग्रह आणि आकडे

१९७२ मध्ये अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला आणि विमानाची जागा हळूहळू उपग्रहाने घेतली. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी प्रक्षेपित झाला. प्रदेश आता वारंवार आणि सलग दिसू लागला. त्याची किंमत म्हणून आरंभी सूक्ष्मता गमवावी लागली. लँडसॅटच्या जुन्या संवेदकाचा एक ठिपका सुमारे ८० मीटर बाजूचा, म्हणजे ०.६४ हेक्टरचा. एक एकर शेत ह्या एका ठिपक्यातही पुरते भरत नाही. पुढे भारतीय उपग्रहांच्या २३.५ मीटरांच्या ठिपक्यात ते सुमारे सात ठिपक्यांचे झाले. १:२०,००० प्रमाणाच्या जुन्या हवाई छायाचित्रात मात्र ४ हेक्टरांचे शेत एक सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद, बांधांसह दिसू शकते. नवे साधन जुन्याहून सर्व बाबतींत सरस असते, ही समजूत येथे खोटी ठरते.

एकाच प्रकारच्या चित्रांतून किती भिन्न वाचने निघतात, ह्याचे राष्ट्रीय पातळीवरील उदाहरण प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने १९८० ते १९८२ च्या उपग्रहचित्रांवरून देशातील वनाच्छादन सुमारे १४ टक्के ठरविले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाने जवळजवळ त्याच काळातील चित्रांवरून १९८७ च्या आपल्या पहिल्या अहवालात ते १९ टक्क्यांहून अधिक दाखविले. मधल्या वर्षा-दोन वर्षांत एवढे वन उगवले नव्हते हे उघड आहे. वर्गीकरण, पद्धती आणि प्रमाण ह्यांतील भेदांमुळे हे अंतर पडले, आणि पुढे दोन्ही संस्थांना बसून त्याचा मेळ घालावा लागला. वाचनाची पद्धती जाहीर असली तरच असा मेळ घालता येतो, हा ह्या घटनेतील धडा होय.

आजच्या आकडेवारीप्रमाणे गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे आणि चंद्रपूरचा एक-तृतीयांशाहून अधिक. हे आकडे उपयुक्त आहेत. परंतु नैसर्गिक मिश्रवन आणि १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या सागलागवडी ह्यांतील भेद केवळ वनाच्छादनाच्या आकड्यात दिसत नाही. वरून दोन्ही हिरवीच. ज्या स्त्रीला मिश्रवनात चार, तेंदू, मोह व कंद मिळत होते आणि सागाच्या रांगांत काही मिळत नाही, तिच्या दृष्टीने मात्र ही दोन वने एक नव्हेत.

६. वनहक्क आणि चित्राची साक्ष

२००६ चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना प्रत्यक्ष ताब्यातील, कमाल ४ हेक्टरांपर्यंतच्या जमिनीवर हक्क मिळू शकतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्याबरोबरच त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनावर अवलंबून वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. म्हणजे कायदा १९३० पर्यंत मागे जातो. उपग्रहाचा डोळा तितका मागे जाऊ शकत नाही. जो साक्षीदार त्या वेळी जन्मलाच नव्हता, त्याच्या मौनाला नकार समजणे कोणत्याही न्यायात बसणार नाही.

कायद्याखालील नियमांनी ही अडचण ओळखली आहे. पुराव्यांच्या यादीत गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे व उपग्रहचित्रे आहेत. त्याचबरोबर घरे, बांध, विहिरी, स्मशाने व देवस्थाने ह्या प्रत्यक्ष खुणा आहेत, वंशावळ आहे आणि दावेदाराहून अन्य अशा वृद्धांचे लेखी निवेदनही आहे. एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत असे बंधन आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच सांगितले की, उपग्रहचित्र अन्य पुराव्यास पूरक ठरू शकते; त्याची जागा घेऊ शकत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही यादी अवश्य वाचावी. साधनांच्या चिकित्सेचा जो पाठ आपण वर्गात शिकवितो, तोच येथे कायद्याच्या भाषेत आलेला आहे.

गडचिरोलीत ह्या कायद्याचा एक स्मरणीय अध्याय धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे घडला. २००९ मध्ये ह्या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. सामूहिक हक्काच्या दाव्यात गावाची पारंपरिक सीमा सांगावी लागते. ती सीमा नाला, टेकडी, जुने झाड, देवाचे ठिकाण अशा खुणांनी सांगितली जाते आणि मग नकाशावर उतरविली जाते. येथे ज्ञानाचा प्रवाह उलटा झाला. पूर्वी वरून पाहिलेली रेषा खाली गावास सांगितली जाई. आता गावाने चालून दाखविलेली रेषा वर नकाशात जाते.

ह्याचा अर्थ आकाशातील चित्र हे वननिवासींच्या विरुद्धच जाते असा मात्र करू नये. जुन्या हवाई छायाचित्रात ज्या ठिकाणी बोडी व बांध स्पष्ट आहेत, तेथे ते चित्र दावेदाराचा उत्तम साक्षीदार होय. कारण ते त्याच्या हक्कासाठी काढलेले नव्हते आणि म्हणून त्याच्यावर पक्षपाताचा आरोप करता येत नाही. तसेच, नव्याने तोडलेल्या रानावर जुना ताबा सांगितला जात असेल, तर तेही चित्रच उघड करील. साधन कोणाचेही नसते. ते कोणाच्या हाती आहे आणि ते वाचण्याची संधी कोणाला मिळते, ह्यावर न्याय अवलंबून राहतो. वर्षानुवर्षे मूळ छायाचित्रे एकाच पक्षाच्या कपाटात राहिली, ही ह्या इतिहासातील खरी विषमता आहे.

७. आजची स्थिती व अभ्यासकाचे कर्तव्य

आज मुंबईहून निघालेला संशोधक नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरतो आणि सुमारे दीडशे किलोमीटर रस्त्याने चंद्रपूर गाठतो. त्याच्या पाठीवरील पिशवीत लॅम्बटनच्या अर्ध्या टनाच्या यंत्राहून अधिक सूक्ष्म नोंद करणारे उपकरण असते. त्याच्या सुट्या बॅटऱ्या मोठ्या सामानात न टाकता हातातील सामानात ठेवाव्या लागतात, एवढीच काय ती अडचण. १९१९ मध्ये ज्याचे वहनही संशयास्पद होते ते आता नित्याचे झाले. संशय मात्र नाहीसा झाला नाही. तो कॅमेऱ्याकडून ड्रोनकडे गेला. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग पाडले आणि कोठे अनुज्ञा हवी, कोठे नको हे ठरविले. १९३७ च्या तेराव्या नियमाची ही पुढची पिढी होय.

२४ एप्रिल २०२० रोजी आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोनांनी गावठाणांची मोजणी हाती घेतली. परंतु ही योजना वस्तीच्या जागेपुरती आहे. गडचिरोलीतील गावाचे जीवन गावठाणाच्या सीमेवर संपत नाही; त्याचा अर्धा संसार रानात असतो. घराच्या चार भिंती ड्रोनने मोजल्या गेल्या आणि मोहाचे रान तसेच वादात राहिले, तर अर्धेच काम झाले असे म्हणावे लागेल.

अशा वेळी विद्यापीठीय अभ्यासकाने काय करावे? हवाई छायाचित्र हाती आले की त्याने निदान पाच प्रश्न विचारावेत: ते कोणी घेतले, कोणत्या हेतूने घेतले, कोणत्या ऋतूत घेतले, किती प्रमाणावर घेतले, आणि त्याचे पहिले वाचन कोणी केले. बंदोबस्ताच्या अहवालास आपण हेच विचारतो. छायाचित्रास विचारण्यात कसला अनादर नाही. त्यानंतर ते चित्र घेऊन त्याने त्या गावी जावे, आणि गावातील वृद्धांसमोर ते पसरावे. स्टिरिओस्कोपखाली जी केवळ गडद रेषा दिसते ती कोणत्या साली कोणी बांधलेली पाळ आहे, आणि जी फिकट जागा दिसते तेथे वस्ती कधी होती व का उठली, हे सांगणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. १९५१ पूर्वीची जमीनदारी ज्यांनी जाणत्या वयात पाहिली ते आता नव्वदीच्या घरात आहेत. छायाचित्र आणखी शंभर वर्षे टिकेल. त्याचा अर्थ सांगणारा आवाज तितका थांबणार नाही.

चांद्याच्या अरण्याची मोजणी करण्यासाठी माणूस प्रथम टेकडीवर चढला, मग विमानात बसला, आणि अखेरीस त्याने आपला डोळाच अवकाशात पाठविला. प्रत्येक पायरीवर त्याला अधिक प्रदेश दिसला आणि प्रत्येक पायरीवर तो गावापासून थोडा अधिक दूर गेला. ह्या दोन गोष्टींपैकी पहिलीचा लाभ घ्यावा आणि दुसरीची भरपाई पायी चालून करावी, एवढाच ह्या इतिहासाचा बोध आहे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांपैकी कोणी एखाद्या तालुक्यापुरते जरी हे काम अंगीकारले, तर केवळ संशोधनात भर पडेल असे नव्हे. एखाद्या ग्रामसभेच्या दाव्यास लागणारा कागदही त्यातून निर्माण होऊ शकेल.